वाचकांचे प्रश्न : मीकात कोठे लागते आणि एहराम केव्हा सुरू होतो?

हजयात्रेच्या तयारीवर गेल्या अंकात जो लेख आला होता, त्यात ‘मीकात’ हा शब्द दोन ठिकाणी आला आणि त्याचा खुलासा करायचे राहून गेले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एकमेकांशी जोडलेले प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

माझ्या शेजाऱ्यांना निरोप द्यायला मी मुंबईच्या विमानतळावर गेलो होतो. ते तेथेच दोन पांढरी वस्त्रे नेसून तयार होते. मग यात्रा मुंबईतच सुरू झाली म्हणायची का? मीकात आणि एहराम यांचा नेमका संबंध काय? (पुणे)

आपल्या शेजाऱ्यांनी विमानतळावर नेसले ते एहरामचे कापड होते, एहराम नव्हे. हा फरक लक्षात आला की पुढची बहुतेक कोडी आपोआप सुटतात. एहराम ही एक अवस्था आहे. हज किंवा उमरा (हजच्या ठरलेल्या दिवसांखेरीजही करता येणारी मक्केची लहान यात्रा) करण्याचा संकल्प, म्हणजे नियत, मनाशी पक्की करून ‘लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक’ ही तलबिया उच्चारली की ती अवस्था सुरू होते आणि त्या क्षणापासून काही एरवीच्या गोष्टी यात्रेकरूला वर्ज्य होतात. सुगंध लावायचा नाही, केस व नखे कापायची नाहीत, शिकार करायची नाही, पतिपत्नीसंबंध ठेवायचा नाही. पुरुषांनी शरीराच्या आकाराप्रमाणे शिवलेले कपडे घालायचे नाहीत आणि डोके झाकायचे नाही. पुरुषाच्या अंगावर कमरेला नेसायचे एक आणि खांद्यावरून घ्यायचे एक, अशी दोन बिनशिवणीची वस्त्रे असतात. हल्ली ती बहुधा टॉवेलच्या जाड कापडाची असतात, कारण ती घसरत नाहीत.

मीकात म्हणजे ज्या जागेपलीकडे हज किंवा उमऱ्यासाठी निघालेल्या माणसाने एहरामाविना पाऊल टाकायचे नाही, ती जागा. मक्केकडे येणाऱ्या वाटांवर अशा पाच जागा ठरलेल्या आहेत. मीकातीच्या आधी कोठेही कापड नेसता येते, स्नान करता येते, नमाज पढता येते. म्हणूनच विमानाच्या अरुंद स्वच्छतागृहात कपडे बदलण्यापेक्षा लोक हजहाउसमध्ये किंवा विमानतळावर ते काम उरकून घेतात आणि नियत मात्र विमानात मीकात जवळ आल्यावर करतात. मीकातीच्या आधीच नियत करून टाकलेली चालते का, असे विचाराल तर चालते. हनफी पंथाच्या मते संयम पाळण्याची खात्री असणाऱ्याने ती आधी करणे अधिक चांगले, आणि इतर अनेक विद्वानांच्या मते पैगंबरांनी मीकातीवरच एहराम बांधला असल्याने तेथपर्यंत थांबणे चांगले.

आपल्या पत्रात ‘हे आपल्या सोवळ्यासारखेच का’ असाही एक उपप्रश्न आहे. तुलना अर्ध्या वाटेपर्यंत जाते. अंगावरचे वेगळे वस्त्र आणि पाळायचे नियम एवढे साम्य खरे; परंतु सोवळे दुसऱ्याच्या स्पर्शाने मोडते, तर एहरामाचा स्पर्शास्पर्शाशी असा संबंध नाही. लाखोंच्या गर्दीत, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावूनच तो पाळायचा असतो. वस्त्र मळले तर ते बदलताही येते, आणि बदलल्याने एहराम सुटत नाही.

या पाच जागा कोणत्या? आणि मक्केपासूनचे त्यांचे अंतर सारखे का नाही? एक चारशे किलोमीटरवर आणि दुसरी ऐंशीवर, हे कोणत्या हिशेबाने? (नाशिक)

हिशेब अंतराचा नाही, वाटांचा आहे. नकाशावर मक्केभोवती कंपासने वर्तुळ काढून या जागा ठरवलेल्या नाहीत. ज्या दिशेने जे काफिले येत, त्यांच्या वाटेवरच्या ओळखीच्या, बहुधा पाणी असलेल्या मुक्कामांना हे स्थान मिळाले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व कृतींच्या संग्रहांत, त्यांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्याकडून आलेले वर्णन असे, की पैगंबरांनी मदिनावासीयांसाठी झुल-हुलैफा, शामच्या म्हणजे सीरियाच्या लोकांसाठी जुहफा, नज्दच्या म्हणजे मध्य अरबस्तानाच्या लोकांसाठी कर्नुल मनाझिल आणि येमेनच्या लोकांसाठी यलमलम ठरवून दिले. त्याच कथनातले पुढचे वाक्य या साऱ्या विषयाची किल्ली आहे : या जागा त्या त्या लोकांसाठी आहेत, आणि त्या वाटेने हज किंवा उमऱ्याच्या इराद्याने येणाऱ्या बाहेरच्या प्रत्येकासाठीही आहेत. म्हणजे मीकात माणसाच्या देशाला चिकटलेली नाही, त्याच्या वाटेला चिकटलेली आहे. कोल्हापूरचा माणूस मदिनेहून मक्केला निघाला, तर त्या प्रवासापुरती त्याची मीकात मदिनावासीयांचीच.

झुल-हुलैफा मदिनेपासून दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शहराच्या वेशीवरच आहे, आणि तेथून मक्का चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पाचांत सर्वांत लांबची मीकात हीच. तिला आज सर्रास अबयार अली, म्हणजे अलींच्या विहिरी, असे म्हणतात. हिजरी सन १० मध्ये, म्हणजे इसवी सन ६३२ मध्ये, पैगंबरांनी मदिनेला आल्यानंतरच्या आपल्या एकमेव हजसाठी येथेच एहराम बांधला. येथे आज जी भव्य मशीद आहे, तिचा आराखडा अब्देल वाहिद अल-वकील या इजिप्शियन वास्तुरचनाकाराचा. चौकोनी अंगण, सभोवार कमानींच्या ओवऱ्या, मशिदीलगत स्नानाची आणि वस्त्रे बदलण्याची प्रशस्त सोय आणि बाहेर बसगाड्यांच्या रांगा. माणसे एका बाजूने रोजच्या कपड्यांत आत जातात आणि दोन पांढऱ्या वस्त्रांत बाहेर पडतात, एवढ्या एका कामासाठी बांधलेली ही वास्तू आहे.

जुहफाची गोष्ट निराळी आहे. मक्केच्या वायव्येला, लाल समुद्राच्या किनाऱ्याजवळ, सुमारे १९० किलोमीटरवर ते एक नांदते गाव होते. त्याचे जुने नाव महयआ. पुराच्या लोंढ्याने गाव वाहून नेले म्हणून जुहफा हे नाव पडले, अशी परंपरागत व्युत्पत्ती आहे. मदिनेतला ताप जुहफाकडे जावा, अशी पैगंबरांनी केलेली प्रार्थना हदीसांत आहे, आणि पुढे गाव ओस पडले तेव्हा लोकांनी तिची आठवण काढली असल्यास नवल नाही. गाव गेले तरी मीकात राहिली. वस्ती व पाणी उरले नाही म्हणून इजिप्त, सीरिया आणि मगरिब म्हणजे वायव्य आफ्रिकेकडचे यात्रेकरू शतकानुशतके जवळच्या राबिग या गावी एहराम बांधू लागले. राबिग जुहफाच्या थोडे अलीकडे पडत असल्याने नियमही मोडत नव्हता. आता मूळ जागी मशीद उभी राहिली आहे आणि तेथेही सोय झाली आहे.

कर्नुल मनाझिल हे ताइफच्या बाजूला, मक्केपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, आजच्या सैल अल-कबीर येथे आहे. याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, हदाच्या घाटरस्त्यावर, वादी महरम नावाची जागा असून तेथूनही एहराम बांधतात. दोन मशिदी असल्या तरी मीकात एकच. यलमलम हे मक्केच्या दक्षिणेला, शंभरेक किलोमीटरवर, तिहामाच्या किनारी मुलखातले खोरे आहे.

पाचवी मीकात झाते इर्क, आणि तिच्यात एक ऐतिहासिक पेच आहे. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून आलेल्या एका कथनाप्रमाणे तीही पैगंबरांनीच ठरवली होती. बुखारीतले कथन मात्र वेगळे आहे. खलिफा उमर यांच्या काळात इराकमध्ये बसरा आणि कूफा ही दोन शहरे वसली, तेव्हा तेथील लोक उमर यांच्याकडे आले आणि म्हणाले, की कर्न आमच्या वाटेपासून बाजूला पडते, तेथे जाणे आम्हाला त्रासाचे होते. उमर यांनी उत्तर दिले, की तुमच्या वाटेवर कर्नच्या समोर येणारी जागा पाहा. आणि झाते इर्क ठरले. दोन्ही कथनांचा मेळ घालणारे म्हणतात, की उमर यांना आधीचा निर्णय ठाऊक नसावा आणि त्यांचा निर्णय त्याच्याशी जुळला. आपल्याला येथे महत्त्वाचे आहे ते ‘समोर येणारी जागा’ हे तत्त्व. मीकात प्रत्यक्ष वाटेत नसेल तर तिच्या बरोबरीची रेषा धरायची, हा नियम वाळवंटातल्या उंटांच्या काफिल्यासाठी सांगितला गेला आणि पुढे जहाजे व विमाने त्याच नियमाने चालू लागली.

झाते इर्कचे नशीब मात्र वाटेबरोबरच फिरले. कूफा ते मक्का हा जुना यात्रामार्ग खलिफा हारून अर-रशीद यांची पत्नी झुबैदा हिने बांधवलेल्या विहिरी व हौदांमुळे ‘दर्ब झुबैदा’ या नावाने प्रसिद्ध होता. तो मार्ग मोडला, पक्के रस्ते दुसरीकडून गेले आणि इराकच्या या मीकातीवरची गर्दीही ओसरली.

आमचे आजोबा बोटीने हजला गेले होते. ‘यलमलमचा डोंगर आला की भोंगा वाजायचा आणि सगळी बोट पांढरी व्हायची’ असे ते सांगत. मुलगा म्हणतो, आता विमान यलमलमवरून जातच नाही. मग आजोबा बरोबर की मुलगा? (दापोली)

दोघेही बरोबर आहेत. वाट बदलली आहे. मुंबईहून सुटणारी जहाजे अरबी समुद्र ओलांडून एडनच्या बाजूने बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत शिरत आणि लाल समुद्रातून उत्तरेकडे जिद्द्याला जात. वाटेत कामरान बेटावर, विलग्नवासासाठी उभारलेल्या केंद्रात, पूर्वी यात्रेकरूंना उतरवले जाई; कॉलऱ्याच्या भीतीपोटी १८८२ मध्ये उस्मानी म्हणजे ऑटोमन तुर्की सरकारने ते सुरू केले होते. तेथून पुढे, जिद्दा दिसण्याच्या काही तास आधी, उजव्या हाताच्या किनाऱ्यामागे यलमलमच्या बरोबरीची रेषा येई. खोरे किनाऱ्यापासून आत आहे, त्यामुळे जहाजावरून ते नेमके दिसण्यापेक्षा कप्तानाने सांगितलेल्या वेळेवरच सारा भरवसा असे. हिंदुस्थानातील यात्रेकरूंची मीकात यलमलम, असे आपल्याकडच्या जुन्या उर्दू पुस्तिकांत छापलेले असते त्याचे कारण ही सागरी वाट. हिंदुस्थानसाठी म्हणून वेगळी मीकात कोणी ठरवून दिली नव्हती. मोगल लाइनच्या बोटींवर गेलेली पिढी आता विरळ झाली आहे. १९९५ नंतर भारतातून समुद्रमार्गे हजयात्रा बंदच झाली. आजोबांच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या नसतील तर आपण अवश्य लिहून ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथून थेट जिद्द्याला जाणारे विमान अरबी द्वीपकल्पावरून, म्हणजे पूर्वेच्या अंगाने येते, तेव्हा सामान्यतः ताइफकडची कर्नुल मनाझिलची रेषा आधी लागते. म्हणून मीकात येण्याच्या अर्धा तास आधी, आणि पुन्हा अगदी जवळ आल्यावर, विमानात सूचना देण्याचा प्रघात आहे. उंटाला जे अंतर कापायला दोन दिवस लागत, ते विमान काही मिनिटांत मागे टाकते. मिनिटाला दहाबारा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला डुलकी लागली तर मीकात झोपेतच ओलांडली जाईल. त्यामुळे अनुभवी माणसे सूचनेची वाट न पाहता थोडी आधीच नियत करून घेतात, आणि हा सल्ला व्यवहारी आहे.

येथे एक बाब यात्रेकरूंच्या घरच्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. भारतातून जाणाऱ्या हजच्या विमानांपैकी पहिल्या टप्प्यातली अनेक विमाने थेट मदिनेला उतरतात आणि नंतरच्या टप्प्यातली जिद्द्याला. मदिनेला उतरणाऱ्याने मुंबईहून एहराम बांधून निघण्याची गरज नाही. तो रोजच्या कपड्यांत जातो, मदिनेत आठदहा दिवस राहतो आणि मक्केला निघताना झुल-हुलैफा येथे एहराम बांधतो. जिद्द्याला उतरणाऱ्याने मात्र कापडे सामानाच्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. ती बॅग विमानाच्या पोटात गेली की मीकातीपूर्वी हाती लागत नाही.

मीकात चुकली तर? जिद्द्याला उतरून सावकाश एहराम बांधला तर काय बिघडते? जिद्दा तर मक्केच्या बाहेर आहे. (सोलापूर)

जिद्दा मक्केपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे हे खरे. परंतु पूर्वेकडून येणारे विमान तेथे उतरेपर्यंत मीकातीची रेषा मागे पडलेली असते. हा प्रश्न विमानप्रवास रुळल्यावर जोरात चर्चिला गेला. विमानयात्रेकरूंसाठी जिद्द्यालाच मीकात मानावे, असे मत कतारमधील शेख अब्दुल्ला बिन झैद अल-महमूद यांनी मांडले होते, आणि समुद्रमार्गापुरती जिद्द्यापर्यंत सवलत आहे असे आपल्या उपखंडातील काही हनफी विद्वानांचेही म्हणणे होते. तथापि १९८६ मध्ये अम्मान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीच्या अधिवेशनाने, हवाई किंवा सागरी मार्गाने येणाऱ्यानेही मीकातीच्या बरोबरीच्या रेषेवरच एहराम बांधावा, असा निर्णय दिला. बहुसंख्य विद्वानांचे मत तेच आहे. आमचे स्वतःचे निरीक्षण इतकेच, की जिद्द्याच्या बाजूने होणारे युक्तिवाद बहुतेक सोयीचे आहेत, आणि कापड आधीच नेसून विमानात बसण्याची युक्ती सर्रास झाल्यापासून त्या सोयीची निकड फारशी उरलेली नाही.

चूक झालीच, तर उपाय आहे. मागे फिरून मीकातीवर जावे आणि तेथून एहराम बांधून यावे. विधी सुरू करण्यापूर्वी असे केले तर दोष राहत नाही. जिद्द्याहून ताइफकडे किंवा राबिगकडे गाडी करून जाणारे लोक त्यासाठीच जातात. परत जाणे शक्य नसेल तर जेथे असाल तेथे एहराम बांधून विधी पूर्ण करावेत आणि ‘दम’ द्यावा, म्हणजे हरमच्या, मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्राच्या, हद्दीत एक बकरा कुर्बान करावा. हज बुडाला किंवा उमरा फुकट गेला, असे मात्र समजू नये. कोणत्या परिस्थितीत दम लागतो आणि केव्हा माफ होतो यांतले बारकावे पंथागणिक निराळे आहेत, ते प्रत्येकाने आपल्या मौलानांना विचारावेत.

मी श्रीवर्धनचा, माझे सहकारी मराठवाड्यातले. दोघेही रियाधला नोकरीला. कंपनीच्या कामासाठी मक्केत जायचे होते. ते म्हणाले एहरामाविना जाता येणार नाही, माझे वडील म्हणाले जाता येते. खरे कोण? (श्रीवर्धन, सध्या रियाध)

आपल्या पत्रातच उत्तर दडलेले आहे. आपण कोकणी मुसलमान, म्हणजे बहुधा शाफई पंथाचे. आपले सहकारी महाराष्ट्रातील इतर बहुसंख्य मुसलमानांप्रमाणे हनफी. शाफई मतानुसार हज किंवा उमऱ्याचा इरादा नसेल, तर केवळ व्यापार, नोकरी किंवा नातलगांच्या भेटीसाठी मक्केत शिरणाऱ्यावर एहरामाची सक्ती नाही. बांधला तर उत्तम. हदीसातल्या ‘हज किंवा उमऱ्याच्या इराद्याने’ या शब्दांवर त्यांचा भर आहे. हनफी मतानुसार मीकातीच्या बाहेरून मक्केच्या हरममध्ये जायला निघालेला माणूस कोणत्याही कामाने गेला, तरी एहरामाविना मीकात ओलांडू शकत नाही, कारण एहराम हा त्या भूमीचा मान आहे. मालाच्या गाड्या घेऊन रोज ये-जा करणाऱ्या चालकांनी काय करावे, हा प्रश्न हनफी विद्वानांपुढे आला तेव्हा त्यांच्यातील अनेकांनी अडचण ओळखून सवलतीचा मार्ग काढला आहे. तेव्हा आपले वडील आणि आपले सहकारी आपापल्या पंथानुसार अचूक बोलले.

जिद्द्यातच राहणाऱ्यांना हा पेच पडत नाही. मीकातीच्या आतल्या मुलखात ज्यांचे घर आहे, त्यांनी उमऱ्यासाठी घरूनच एहराम बांधायचा, आणि साध्या कामासाठी ते हनफी मतानेही एहरामाविना मक्केत जाऊ शकतात. जिद्द्यातील नातलगांकडे काही दिवस राहायला गेलेला आणि तेथे पोहोचल्यावर उमऱ्याचे मनात आणलेला माणूसही जिद्द्यातूनच एहराम बांधतो. उमऱ्यासाठीच निघून ‘आधी जिद्दा’ असे नुसते म्हणणे ही मात्र पळवाट झाली.

ऐन प्रवासाच्या दिवशी मासिक पाळी आली तर एहराम बांधता येतो का? बायकांनी एहराम म्हणून पांढरा रुमालच बांधायला हवा का? (परभणी)

एहराम बांधता येतो, आणि बांधायलाच हवा. या कारणाने मीकात एहरामाविना ओलांडू नये. याला आधार झुल-हुलैफाचाच आहे. हिजरी १० मधील त्याच यात्रेत अबू बक्र यांच्या पत्नी अस्मा बिन्त उमैस त्या मुक्कामावर बाळंत झाल्या आणि मुहम्मद नावाचा मुलगा झाला. आता काय करू, असे त्यांनी पैगंबरांना विचारवले, तेव्हा स्नान कर, कापडाची घडी घट्ट बांध आणि एहराम बांध, असे उत्तर आले. बाळंतीण स्त्रीला जे सांगितले तेच पाळीच्या स्त्रीला लागू होते. तिने नियत करावी, तलबिया म्हणावी, दुआ करावी. नमाज आणि काबागृहाचा तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, तेवढा शुद्ध होईपर्यंत थांबवावा. काबागृहाचे दर्शन होताच सोबतचे लोक तवाफला जातात आणि आपण मात्र मुक्कामी बसून राहतो, याचे वाईट वाटते हे अनेक भगिनी सांगतात. त्यांना ठाऊक असावे, की त्याच यात्रेत आयेशा यांनाही मक्केजवळ सरिफ येथे हेच झाले होते आणि त्या रडत होत्या.

रुमालाबद्दल : स्त्रियांना वेगळे वस्त्र नाही. रोजचे, अंग झाकणारे, कोणत्याही रंगाचे कपडे चालतात, शिवलेलेही चालतात. केस निसटू नयेत म्हणून बांधलेल्या लहान पांढऱ्या रुमालालाच आपल्याकडे बायका एहराम समजतात आणि वजू (नमाजापूर्वीचे हात, तोंड, पाय धुणे) करताना तो काढायलाही घाबरतात. त्या भीतीला आधार नाही. चेहऱ्याला लागणारा नकाब आणि हातमोजे मात्र वर्ज्य आहेत. ज्यांना पडदा पाळायचा असतो त्या पुढे छज्जा असलेली टोपी घालून त्यावरून कापड सोडतात, म्हणजे ते चेहऱ्याला चिकटत नाही.

एहरामात मासे खाल्लेले चालतात का? आणि खांदा उघडा का ठेवतात? (मालवण)

चालतात. शिकारीची मनाई जमिनीवरच्या प्राण्यांपुरती आहे. समुद्रातील शिकार आणि तिचे अन्न कुराणाच्या पाचव्या अध्यायात स्पष्टपणे वैध ठरवले आहे. बोटीवरच्या कोकणी यात्रेकरूंना कुराणातल्या या आयतीचे (वचनाचे) महत्त्व वेगळे सांगावे लागले नसेल. उजवा खांदा मोकळा ठेवणे ही तवाफपुरती रीत आहे. मीकातीपासून खांदा उघडा टाकून फिरणारे पुष्कळ दिसतात, पण नमाजाच्या वेळी तर तो झाकणेच योग्य.

मी अभियंता आहे आणि हिंदू आहे. कामानिमित्त जिद्द्याहून ताइफला जायचे आहे. मीकातीवर मला अडवतील का? (ठाणे)

नाही. आपण दोन वेगळ्या हद्दी एक समजत आहात. मीकात ही यात्रेकरूच्या कर्तव्याची रेषा आहे, प्रवेशबंदीची नव्हे. तिच्या आतल्या मुलखात, उदाहरणार्थ जिद्द्यात, सर्व धर्मांचे लोक राहतात. प्रवेशबंदी आहे ती त्याहून पुष्कळ आत असलेल्या हरमच्या हद्दीपाशी. ती हद्द मक्केभोवती कोठे काही किलोमीटरवर, तर कोठे वीसबावीस किलोमीटरवर आहे आणि तिच्यावर फार प्राचीन काळापासून खांब उभारलेले आहेत. हिजरी ८ मध्ये मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी ते नव्याने उभे करवले. हरमची हद्द आणि मीकात यांच्या मधल्या पट्ट्याला हिल म्हणतात. आपल्या रस्त्यावर हरमच्या अलीकडेच मुसलमानेतरांसाठी वेगळी वाट दाखवणारे मोठे फलक आहेत. त्या वाटेने वळसा घालून ताइफला जावे. गंमत म्हणजे त्या प्रवासात आपण आतून बाहेर जाताना मीकात ओलांडाल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

आई हजला गेली तेव्हा मक्केत असताना तिने ‘छोटा उमरा’ आणि ‘बडा उमरा’ केला असे सांगते. हे कोणते प्रकार? शिवाय मक्केतच असलेल्या माणसाची मीकात कोणती? (मिरज)

शास्त्रात छोटा आणि मोठा असे उमऱ्याचे प्रकार नाहीत. ही आपल्याकडच्या यात्रेकरूंची आणि तिकडच्या टॅक्सीवाल्यांची भाषा आहे, आणि तिचा संबंध भाड्याशी आहे. मक्केत असलेल्या माणसाला उमरा करायचा तर त्याने हरमच्या हद्दीबाहेर, म्हणजे हिलमध्ये जाऊन एहराम बांधून परत यायचे असते. सर्वांत जवळची जागा तनईम, काबागृहापासून सातेक किलोमीटरवर; तेथून एहराम बांधला की तो छोटा उमरा. जिअराना वीस किलोमीटरहून थोडे अधिक दूर. तेथून बांधला की बडा उमरा. दोन्हींतले विधी अक्षरशः तेच आहेत.

तनईमच्या मशिदीला मस्जिद-ए-आयशा म्हणतात, आणि वर परभणीच्या भगिनींना दिलेल्या उत्तराचा उरलेला भाग येथे येतो. पाळीमुळे आयेशा यांचा उमरा राहून गेला होता. हज आटोपल्यावर, सगळे हज आणि उमरा दोन्ही करून परत चालले आहेत आणि मी केवळ हज, असे त्यांनी बोलून दाखवले. तेव्हा पैगंबरांनी त्यांचे भाऊ अब्दुर्रहमान यांना सांगितले, की हिला तनईमला घेऊन जा आणि तेथून उमरा करवून आण. रात्रीच्या त्या फेरीमुळे तनईम मक्केतल्या लोकांच्या उमऱ्याची जागा झाली. जिअराना येथून मात्र हिजरी ८ मध्ये, हुनैनच्या लढाईनंतर, पैगंबरांनी स्वतः एहराम बांधला होता. म्हणून पैगंबरांची आज्ञा वरचढ मानणारे हनफी तनईमला अधिक श्रेष्ठ मानतात आणि त्यांची कृती वरचढ मानणारे शाफई जिअरानाला. टॅक्सीचे भाडे दोघांनाही अंतराप्रमाणेच पडते.

हजसाठी मात्र मक्केतल्या माणसाला बाहेर जावे लागत नाही. आपल्या आईने बहुधा तमत्तू प्रकारचा हज केला असेल. भारतातील बहुतेक यात्रेकरू तोच करतात. त्यात मीकातीवरून उमऱ्याचा एहराम बांधून यायचे, उमरा करून, केस कापून एहराम सोडायचा, आणि झिलहज महिन्याच्या आठव्या तारखेला हजचा एहराम मक्केतल्या आपल्या मुक्कामाच्या खोलीतूनच बांधून मिनाकडे निघायचे. हा फरक का, तर उमऱ्याचे सगळे विधी हरमच्या आत होतात, म्हणून बाहेर जाऊन आत येणे मुद्दाम घडवावे लागते. हजमध्ये नवव्या तारखेला अराफातच्या मैदानात जावे लागते, आणि अराफात हरमच्या हद्दीबाहेर आहे. तेथून परतताना ती हद्द ओलांडून आत येणे आपोआप होते.